आधी भिंत वाळू द्या, मग पुट्टीचं बोला!

आज रंगारी आला, वरच्या घरातल्या गळतीने ओल्या झालेल्या भिंतीवर हात फिरवला, तो पँटला पुसला आणि म्हणाला, "एवढं काही नाही ताई, पुट्टी मारून वरनं दोन हात दिले की झाकून जाईल." झाकून जाईल? अरे, आत्ता हात कशाला पुसलास मग? पुट्टीची पिशवी उघडलीसुद्धा होती त्याने! मी ती उचलून जिन्यात नेऊन ठेवली. वर ऐकवून गेला, "सगळ्यांकडे असंच करतो, कोणी तक्रार करत नाही." कशी करतील? दिवाळीच्या तोंडावर पोपडे सुटतात तेव्हा हे फोन उचलत नाहीत!

विटेत मुरलेलं पाणी बाहेर पडायला महिने लागतात. जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरतात, तोही हवा कोरडी असेल तर. इथे डोंबिवलीत जुलै चालू आहे, साधे टॉवेल वाळत नाहीत. ते पाणी येताना वीट-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, म्हणून तर भिंतीला पांढरा लोणा फुटतो. त्यावर प्लॅस्टिक पेंट फासून पाण्याची वाटच बंद करायची? फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा, आतून थेंब धरले तर भिंत ओली. फुकटात होणारी परीक्षा आहे, पण एकही रंगारी करत नाही.

आणि ते "पंखा लावून ठेवा" सांगणारे! खिडक्या बंद करून पंखा फिरवला तर तीच दमट हवा खोलीभर फिरते. एसी ड्राय मोडवर ठेवा म्हणे. ठेवलाय! बिल आम्ही भरतोय, आणि वरच्या वहिनी दारातूनच सांगतात, "आमच्याकडे तर कोरडं आहे हो." असणारच कोरडं, पाणी खाली येतंय! त्यांच्या नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे न्हाणीघरातलं पाणी जिथून निघून जातं तिथे, रंगीत पाणी सोडून ते आमच्या भिंतीवर उतरतं का बघू म्हटलं, तर टाइल्स नव्या आहेत म्हणून प्लंबरला आत घेत नाहीत.

सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही दोघं आपसात बघा." सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, लिहिलंय की संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदांनी सोसायटीशी विचारविनिमय करून करायचा. विचारविनिमय म्हणजे हात झटकणं नव्हे! पार्किंगच्या पट्ट्यांसाठी तीन-तीन सभा घेता येतात, गळतीसाठी एक घेता येत नाही. बिल्डरने तर आतून जिप्समचं प्लास्टर केलंय, पाणी लागलं की भुसभुशीत होणारं. नखाने निघतंय ते आता. कपाट ओढून पुढे घेतलं तर मागचा प्लायवूड बुरशीने काळा, आणि त्याच खोलीत सासूबाई रात्रभर खोकतायत.

उद्या सोसायटीला लेखी अर्ज देतेय आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलणार नाही. वरची गळती थांबेपर्यंत आणि ते सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून भिंत वाळेपर्यंत एकाही रंगाऱ्याने माझ्या दारात पाऊल टाकू नये!