‘घरातला राउटरच अंगणात न्या’ : एका धोकादायक संदेशाला उत्तर

‘बाहेरचा ॲक्सेस पॉइंट ही निव्वळ लूट आहे, वायफायची रेंज घरच्या घरी वाढवा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या कोकणातील घरगुती निवास आणि खानावळी चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरतो आहे. ॲक्सेस पॉइंट म्हणजे राउटरला केबलने जोडलेले, वायफाय पसरवणारे उपकरण. संदेशातील सल्ले थोडक्यात असे आहेत. जुना राउटर प्लास्टिकच्या डब्यात बंद करून, घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून अंगणात ठेवावा. राउटरच्या सेटिंगमध्ये देश म्हणून अमेरिका निवडावी, म्हणजे शक्ती दुप्पट होते. अँटेनामागे ॲल्युमिनियमची फॉइल लावावी. पासवर्ड काढून टाकावा, म्हणजे रेंज लांब जाते. बाहेर लावायचा ॲक्सेस पॉइंट मात्र घेऊ नये, कारण त्याला सरकारी परवाना लागतो, तो आकाशातली वीज ओढून घेतो, पावसात निकामी होतो आणि त्याच्या लहरींनी झाडे वाळतात. माझ्या मामांच्या दापोली तालुक्यातील घरात पर्यटकांसाठी काही खोल्या आहेत. त्यांनी हा संदेश वाचला, त्यावर विश्वास ठेवला आणि पहिला उपाय करूनही टाकला. पावसाळ्यात, मातीच्या अंगणात, जिथे पाहुण्यांची मुले अनवाणी खेळतात तिथे. त्यामुळे उत्तराची सुरुवात त्याच उपायापासून करतो, कारण बाकीचे सल्ले चुकले तर फार तर इंटरनेट चालणार नाही किंवा मनस्ताप होईल, पण या सल्ल्याने माणूस दगावू शकतो.

राउटरला लागणारी वीज १२ व्होल्टची असते हे खरे आहे, पण ती तयार करणारा अडॅप्टर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्येच बसवावा लागतो, आणि संदेशातील पद्धतीने तो सॉकेट थेट पावसात जातो. प्लास्टिकच्या डब्याला तारेसाठी भोक पाडले की त्याच तारेवरून पाणी ओघळत आत शिरते. भोक चिकटपट्टीने बंद केले तरी दिवसा तापलेला आणि रात्री गार झालेला डबा आतल्या आत ओलावा धरतो. बोर्ड ओला झाला आणि त्याला ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या कोणाचा हात लागला, तर वितरणपेटीतील साधा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहू लागला की आपोआप पडणारा खटका, त्याला वाचवत नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एमसीबी हा तारेच्या संरक्षणासाठी असतो. ६ अँपिअरचा एमसीबी त्याहून अधिक प्रवाह वाहू लागल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाच्या हृदयाची लय बिघडायला त्याच्या दोनशेव्या भागाइतका, म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण शरीरातून गेला तरी पुरतो. एवढ्याशा गळतीवर वीज तोडणारे उपकरण म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जुन्या घरांच्या वितरणपेट्यांत तो अनेकदा नसतोच आणि अर्थिंगही भरवशाचे नसते. ‘आम्ही असेच वापरतो, काही होत नाही’ असे त्या संदेशाखाली कोणीतरी लिहिले आहे. काही झाले असते तर ते लिहायला उरले नसते, एवढेच मी त्यांना सांगेन.

संदेशाच्या लेखकाला ज्याची लूट वाटते, त्या बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये नेमका हाच प्रश्न सोडवलेला असतो. त्याच्यापर्यंत २३० व्होल्ट जातच नाहीत. घरात, कोरड्या जागी, नेटवर्क केबलमध्ये वीज सोडणारा एक छोटा इंजेक्टर किंवा तेच काम करणारा नेटवर्क स्विच बसतो आणि तिथून एकाच नेटवर्क केबलमधून इंटरनेटही जाते आणि वीजही. या पद्धतीला पॉवर ओव्हर ईथरनेट म्हणतात. तिचे पहिले मानक, ८०२.३एएफ, २००३ साली आले. त्यात व्होल्टेज ५७ च्या वर जात नाही आणि स्विचकडून जास्तीत जास्त १५.४ वॅट दिले जातात. याहून महत्त्वाचे असे की, या मानकाचा स्विच केबलच्या दुसऱ्या टोकाला योग्य उपकरण आहे की नाही हे आधी तपासतो, सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध सापडला तरच वीज सोडतो आणि उपकरण काढून घेतले की ती बंद करतो. पावसात उघड्या पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाची याच्याशी तुलनाही होऊ शकत नाही. काही स्वस्त उपकरणांसोबत मात्र अशी तपासणी न करता सरळ २४ व्होल्ट सोडणारे इंजेक्टर येतात. ते चुकीच्या उपकरणाला जोडले तर ते उपकरण जळू शकते, म्हणून ज्याचा इंजेक्टर त्यालाच वापरावा.

डब्याबद्दल आणखी एक गोष्ट. बाहेरच्या उपकरणावर आयपी६५ किंवा आयपी६७ असे लिहिलेले असते आणि ते आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घेतलेल्या चाचण्यांचे निकाल असतात. पहिला आकडा धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे कोणत्याही दिशेने मारलेला पाण्याचा झोत सोसणे आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यावरही आत पाणी न जाणे. स्वयंपाकघरातील डब्यावर असे काही लिहिलेले नसते, कारण त्याची अशी चाचणी कोणी घेतलेली नसते. शिवाय घरगुती राउटर बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि एप्रिलच्या उन्हात बंद डब्यातले तापमान त्याच्या कितीतरी पुढे जाते. मामांचा राउटर दोनच दिवसांत वारंवार बंद पडू लागला, आणि तेवढ्यावर सुटका झाली हे मी भाग्यच मानतो.

आता परवान्याचा आणि अमेरिकेचा मुद्दा. दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी, भारत सरकारच्या राजपत्रात आहे. २८ जानेवारी २००५ च्या जीएसआर ४५(ई) या अधिसूचनेने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त केला, म्हणजे आपल्या सर्वांच्या वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्यासाठी अटी घातल्या त्या अशा: ट्रान्समीटरची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनातून प्रक्षेपित होणारी परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत, आणि अँटेनाची उंची अधिकृत इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत. छतावरील अँटेनाची उंची नियमात सांगितली आहे याचा अर्थ बाहेरचा वापर नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरला होता. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याबाबतीत संदेशात अर्धे सत्य आहे हे मात्र कबूल करावे लागेल, कारण २००५ च्या नियमांत त्या पट्ट्याचा परवानामुक्त वापर इमारतीच्या आतच करता येत होता. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये जीएसआर १०४८(ई) या अधिसूचनेने एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, आत आणि बाहेर दोन्हीकडच्या वापरासाठी, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत मोकळे केले. संदेश लिहिणाऱ्याची माहिती तेव्हापासून शिळी आहे.

देश बदलून अमेरिका निवडल्याने शक्ती दुप्पट होते हे तर साध्या पडताळणीतही टिकत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये अमेरिकेची मर्यादा १ वॅट आणि सोबत ६ डीबीआयचा, म्हणजे शक्ती एका दिशेला साधारण चौपट एकवटणारा, अँटेना अशी आहे. त्याचा हिशेबही ४ वॅटवरच येतो, म्हणजे भारताच्या मर्यादेइतकाच. उलट भारतात चालणारे १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनल अमेरिकेच्या सेटिंगमध्ये सहसा गायब होतात, आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये अमेरिकेचे नियम भारतात लावून घेतले तर नियमभंग होण्याचा धोका आपल्या माथी येतो.

शक्ती खरोखरच वाढवता आली तरी मामांच्या अंगणातला प्रश्न सुटला नसता, आणि या संदेशातील सगळ्याच उपायांची मूळ चूक इथे आहे. वायफाय म्हणजे आकाशवाणी नव्हे. तिथे केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. इथे फोनला प्रत्येक वेळी उत्तर द्यावे लागते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज चिऱ्याच्या जाड भिंतीतून परत पोहोचणार नसेल, तर पडद्यावर रेंजच्या रेघा पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. पर्यटक हीच तक्रार करतात आणि मालक कनेक्शन देणाऱ्याला दोष देत राहतो. यावर उपाय एकच, भिंतीच्या पलीकडे, जिथे माणसे बसतात तिथे केबलने ॲक्सेस पॉइंट नेणे. म्हणजे फोनला दूरपर्यंत ओरडावे लागत नाही. बाजारात मिळणारा साधा रिपीटर भिंतीच्या आतल्या बाजूला लावूनही फारसे साधत नाही, कारण एकाच रेडिओवर ऐकणे आणि पुढे सांगणे ही दोन्ही कामे करताना त्याचा वेग जवळपास निम्मा होतो.

फॉइलच्या बाबतीत मला थोडी माघार घ्यावी लागते. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, खोलीच्या रचनेप्रमाणे हिशेबाने आकार दिलेला आणि धातूचा पातळ थर लावलेला परावर्तक राउटरमागे ठेवल्यास ठरावीक दिशेला सिग्नल सुधारतो. पण त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग असा की, इतर दिशांना तो कमी होतो, आणि तो कमी व्हावा हेही संशोधकांना हवेच होते. परावर्तक ऊर्जा निर्माण करत नाही, फक्त वळवतो. हाताने चुरगळलेली फॉइल अंगणाकडे नेमकी वळेल याची खात्री नाही, आणि वळलीच तर माडीवरच्या खोलीतल्या पाहुण्याचे नेट जाईल.

पासवर्ड काढल्याने रेंज वाढत नाही. पासवर्डचा आणि लहरींच्या प्रवासाचा काहीही संबंध नाही. हा सल्ला नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता, पण महाराष्ट्रात तरी कोणी तो पुढे पाठवू नये. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, आणि त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेल्याचे तपासात समोर आले. ज्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता अशा माणसामागे चौकशीचा ससेमिरा लागला. त्यानंतर, २००९ च्या फेब्रुवारीत, दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. रस्त्यापर्यंत पोहोचणारे उघडे वायफाय म्हणजे कोणीही येऊन आपल्या नावावर काहीही करण्याची मुभा. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क आणि त्याला अधूनमधून बदलला जाणारा पासवर्ड ठेवावा, आणि तो खोलीत लिहून लावावा. यात कोणालाही त्रास नाही.

‘वीज ओढून घेतो’ या भीतीतही अर्धे तथ्य आहे. रेडिओ लहरींमुळे आकाशातील वीज आकर्षित होत नाही. ती कुठे पडेल हे मुख्यतः उंचीवर आणि आसपासच्या रचनेवर ठरते. पण कोणी उत्साहाने घराच्या सर्वांत उंच टोकावर लोखंडी खांब उभारून त्यावर ॲक्सेस पॉइंट बसवला आणि तांब्याची केबल सरळ घरात आणली, तर जवळपास वीज पडली तरी केबलमध्ये प्रवर्तित झालेला झटका आतला स्विच, राउटर आणि त्याला जोडलेले सगळे जाळू शकतो. म्हणून तो छताच्या वर नेऊ नये, वळचणीखाली भिंतीवर बसवावा. अंगणासाठी तीन-चार मीटर उंची पुरते. केबल घरात शिरते तिथे ईथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे असा झटका जमिनीत वळवणारे उपकरण, लावून तो खऱ्या अर्थिंगला जोडावा, कारण अर्थिंगशिवाय तो नुसता शोभेचा राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर इशारा आला की वादळ जवळ येण्यापूर्वीच केबल स्विचमधून काढून ठेवावी. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

पावसाने सिग्नल संपतो हे खोटे आहे. या पट्ट्यांत मुसळधार पावसामुळे शंभर मीटरमध्ये होणारी घट एक डेसिबेलच्या दहाव्या भागाइतकीही नसते. ओली, दाट पाने मधे आली तर मात्र सिग्नल जाणवण्याइतका कमी होतो, म्हणून ॲक्सेस पॉइंट आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये फणसाचा घेर येऊ देऊ नये. लहरींनी झाडे वाळत असल्याच्या दाव्याला संदेशात एकही आधार दिलेला नाही, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. प्रत्येक घराला बाहेरचा ॲक्सेस पॉइंट लागत नाही, हे संदेशात म्हटले असते तर मी सहमत झालो असतो. अंगण लहान असेल आणि पडवी पुरेशी खोल असेल, तर राउटर मधल्या खोलीतल्या कपाटातून काढून पडवीकडच्या खिडकीशी ठेवल्याने कधी कधी काम भागते. नाहीतर पडवीत, पावसाची झड पोहोचणार नाही अशा जागी, घरात वापरायचा साधा ॲक्सेस पॉइंट केबलने नेला तरी चालतो. अंगण मोठे असेल, बागेत टेबले असतील, वाडीच्या टोकाला वेगळी खोली असेल, तेव्हाच बाहेरचा घ्यावा. तिथे उपकरणापेक्षा केबलमध्ये फसवणूक अधिक होते. विकत घेताना तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिच्यातून वीज नेताना व्होल्टेज जास्त घटते आणि ती तापते. बाहेरच्या भागासाठी काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची केबल घ्यावी, कारण घरातल्या केबलचे आवरण उन्हाने तडकते. स्विचपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून पडते, आणि भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडावे. मामांकडे आता याच पद्धतीने काम व्हायचे आहे. वायरमन येईपर्यंत अंगणातला बोर्ड काढून ठेवला आहे, आणि तो आल्यावर वितरणपेटीत आधी आरसीसीबी बसवून मगच केबलला हात लावणार आहे.