‘टोंगन रक्ताची ताकद’ सांगणाऱ्या फॉरवर्डमध्ये काय काय खोटं आहे

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. वर हलोटी न्गाटा या अमेरिकन फुटबॉलपटूचा फोटो आणि खाली मजकूर. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटावरच्या या पोराने कधी व्यायामशाळा पाहिली नाही, कंद, नारळ आणि मासे खाऊन तो १५४ किलोचा झाला. ही ताकद टोंगन रक्तातच असते, म्हणून तिथला मुलगा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, पोचण्याची शक्यता इतरांच्या ५६ पट. या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार होत नाहीत, कारण ‘नैसर्गिक वजन’ शरीराला बाधत नाही. एकही गोळी न घेता तो शेवटपर्यंत खेळला आणि पस्तिसाव्या वर्षी किलिमांजारो चढला. तात्पर्य, मुलांना पोटभर खाऊ द्या, वजनाची चिंता डॉक्टरांनी लावलेली आहे.

हे माझ्या बहिणीपर्यंत पोचलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. तिचा मुलगा कबड्डी खेळतो. तो आता ताकद वाढवायची म्हणून रात्री दोनदा जेवतोय, गुडघा दुखतो म्हणून सराव बुडवतोय आणि आई कौतुकाने वाढतेय. कबड्डीत वजनाची मर्यादा असते, हे दोघांच्याही डोक्यातून गेलंय. म्हणून मुद्देसूद लिहितो.

पहिली गोष्ट, न्गाटा बेटावर वाढलेला नाही. आईवडील टोंगाचे, पण त्याचा जन्म १९८४ सालचा, कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडचा, आणि वाढला तो युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं मुख्यालय युटात; टोंगामध्ये त्यांच्या चर्चचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे आणि त्या धाग्याने हजारो टोंगन कुटुंबं युटात आली. हायलँड हायस्कूलमध्ये तो फुटबॉलसोबत रग्बी खेळला, आणि तिथला रग्बी संघ देशभर नावाजलेला. पुढे ओरेगॉन विद्यापीठ. ‘व्यायामशाळा पाहिली नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने अमेरिकेतल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ कसा तयार होतो हेच पाहिलेलं नाही. तिथे लोखंड उचलणं हे रोजचं काम असतं.

आता सगळ्यात घातक वाक्याकडे येतो: ‘मधुमेह, हृदयविकार होत नाहीत.’

टोंगा हा जगात लठ्ठपणाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक आहे. दहा प्रौढांमागे सातेक जण लठ्ठ. मधुमेह तिथे घरोघरी आहे. कंद, मासे, नारळ हा जुना आहार चांगला होता, एवढं मान्य करतो. पण आज तिथल्या ताटात न्यूझीलंडहून येणारं मेंढीच्या पोटाकडचं चरबीचं मटण असतं आणि डब्यातलं खारवलेलं गोमांस असतं. टोंगाचे राजे चौथे टौफाआहाऊ टुपोऊ यांचं वजन १९७६ मध्ये २०९ किलोंच्या वर गेलं होतं, जगातला सर्वात वजनदार राजा म्हणून त्यांची नोंद झाली. त्याच राजाने पुढे स्वतः व्यायाम आणि आहार सांभाळून वजन खूप उतरवलं आणि प्रजेसाठी वजन कमी करण्याची मोहीम चालवली. वजन बाधत नसतं तर राजाला हे करावं लागलं नसतं.

आणि खेळाडूंचं काय? टोंगातच जन्मलेला स्टार लोटुलेलेई २०१३ मध्ये एनएफएलच्या निवडचाचणीला गेला, तेव्हा हृदयाच्या सोनोग्राफीत डावा कप्पा नीट पंप करत नसल्याचं दिसलं. त्याला कसरती करू दिल्या नाहीत. पुढच्या तपासण्यांत हृदय पूर्ववत असल्याचं दिसलं आणि कॅरोलायना पँथर्स या संघाने त्याला घेतलं. तपासणी झाली म्हणून कळलं, रक्तावर भरवसा ठेवून कुणी बसलं नाही. खुद्द न्गाटाची आई मूत्रपिंडाच्या आजाराने डायलिसिसवर होती. तिच्या उपचारांसाठी पैसा हवा म्हणून त्याने विद्यापीठातलं शेवटचं वर्ष सोडून व्यावसायिक खेळात उतरायचं ठरवलं. जानेवारी २००६ मध्ये ती गेली. एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत बाल्टिमोर रेव्हन्स या एनएफएल संघाने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडलं, ते पाहायला आई नव्हती. ट्रक चालवणारे वडील त्याआधी, डिसेंबर २००२ मध्ये, अपघातात गेले होते. ज्या घराने हे सोसलं त्याच घरातल्या मुलाचा फोटो लावून ‘यांना आजार होत नाहीत’ असं लिहायचं, याचा मला मनापासून राग येतो.

वजन बाधतं की नाही, यावर आकडेच हवे असतील तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचा २०१२ चा अभ्यास बघा. १९५९ ते १९८८ या काळात एनएफएलमध्ये किमान पाच हंगाम खेळलेल्या ३,४३९ खेळाडूंचा. एकूण खेळाडू सामान्य पुरुषांपेक्षा जास्त जगले, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण बचावफळीतले वजनदार गडी, म्हणजे बरोबर न्गाटाच्या जागेवर खेळणारे, हृदयविकाराने सामान्य पुरुषांपेक्षा ४२ टक्के जास्त मेले. आणि खेळत असताना ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३० किंवा त्याहून जास्त होता, त्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका इतर खेळाडूंच्या दुप्पट. न्गाटाचा बीएमआय ४१ च्या पुढे होता. हे रोज व्यायाम करणाऱ्या, पगारी डॉक्टर दिमतीला असलेल्या लोकांबद्दल आहे. रात्री दोनदा जेवून झोपणाऱ्या मुलाबद्दल काय बोलायचं?

५६ पटीचा आकडा २०१० मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या एका कार्यक्रमातला, आणि तो सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्याच सामोआ बेटांवरच्या, आईवडिलांच्या मुलांबद्दल होता. टोंगा वेगळा देश आहे. शिवाय हा आकडा रक्ताबद्दल काही सिद्ध करत नाही. छोटा समाज, शाळेपासून एकच खेळ, नात्यातले लोक आधीच त्यात, विद्यापीठांचे प्रशिक्षक दारात, आणि शिक्षणाचा खर्च भागवायला शिष्यवृत्तीचा हाच रस्ता, एवढं जमलं की प्रमाण वाढणारच.

जनुकांचा मुद्दा पूर्ण खोटा आहे असं मात्र म्हणता येत नाही. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २०१६ साली तीन हजारांवर सामोअन लोकांचा अभ्यास आला. सीआरईबीआरएफ या जनुकाचा एक प्रकार तिथे बऱ्याच लोकांत आढळतो, तो असला की वजन वाढतं आणि मधुमेहाचा धोका उलट काहीसा कमी होतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठून तरी अर्धवट ऐकलं असावं. पण हिशोब करा. त्या जनुकाच्या एका प्रतीमागे बीएमआय साधारण १.४ ने वाढतो. सहा फूट चार इंच उंचीला ते पाचेक किलो होतात, दोन्ही प्रती असल्या तरी दहा. १५४ मधले दहा. आणि धोका कमी होणं म्हणजे आजार न होणं नव्हे, नाहीतर टोंगात आणि सामोआत एवढे मधुमेही कुठून आले?

धिप्पाड रक्ताची गोष्ट एका माणसाने कधीच मोडून काढली आहे. एनएफएलमध्ये खेळलेला पहिला टोंगन वाई सिकाहेमा, टोंगाची राजधानी नुकुआलोफा इथे जन्मलेला. उंची जेमतेम पावणेसहा फूट, वजन ८७ किलोंच्या आसपास. लाथाडलेला चेंडू झेलून तीरासारखा पळणं हे त्याचं काम, आणि त्यावर तो १९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षं प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला.

न्गाटासुद्धा नुसत्या आकारावर टिकला नाही. सप्टेंबर २००६ मधला त्याचा पहिलाच सामना, टँपा बेविरुद्ध. समोरच्याने फेकलेला पास त्याने मध्येच पकडला आणि चेंडू काखेत घेऊन ६० यार्ड पळाला. एवढ्या वजनाच्या माणसाला हे जमलं त्यामागे शाळेतली रग्बी आहे, जिथे जाड गड्यालाही चेंडू घेऊन पळावंच लागतं. रेव्हन्ससाठी त्याचं रोजचं काम मधोमध उभं राहून दोन-दोन अडवणाऱ्यांना अंगावर घेणं, म्हणजे मागे उभा असलेला संघातला बचावपटू रे लुइस मोकळा सुटायचा. त्यासाठी पाय कुठे ठेवायचा, हात आधी कुठे लावायचा, हे वर्षानुवर्षं घोटावं लागतं. पाच वेळा प्रो बोल आणि २०१३ चं सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचं, विजेतेपद त्यातून आलं.

‘एकही गोळी न घेता’ हेही खोटं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अॅडरॉल या उत्तेजक औषधामुळे त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आली. त्याने चूक कबूल करून माफी मागितली. स्टेरॉइड नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शरीराने किंमतही मोजली: २००३ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, २०१३ च्या त्या अंतिम सामन्यात पुन्हा गुडघा दुखावून बाहेर जावं लागलं, २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटून हंगाम संपला.

किलिमांजारो खरं आहे. मार्च २०१९ मध्ये, तेरा हंगाम खेळून झाल्यावर, शिखरावर फलक धरून त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या फलकावर रक्ताबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं.