गडावर गेलास, पण जेवलास का?

डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला आलो होतो. कार्य कोथरूडला, मुहूर्त साडेदहाचा. भाचा पहाटे चारला उठून सिंहगड करून आला आणि फेटा बांधून वेळेत हजर झाला. "काय शिस्त आहे पोराची!" सगळ्यांनी कौतुक केलं. पंगतीत तो वाढायला उभा राहिला आणि शेवटपर्यंत वाढतच राहिला. हे टिपलं एकट्या आत्याने. "हा हल्ली पानावर बसतच नाही रे," ती म्हणाली.

मी केंब्रिजला राहतो. नदीकाठी रोज पळून माझ्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, तेव्हा तिथल्या फिजिओने आधी पाय पाहिला आणि मग एक कागद पुढे केला. सहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. व्यायाम माझ्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो चुकला की चिडचिड होते, त्यावरून घरात वाद होतात, अशी. २००४ सालची ही प्रश्नावली. ३० पैकी २४ किंवा जास्त आले तर व्यायामाच्या व्यसनाचा धोका. मला २५ मिळाले आणि, खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला.

मग तिने जेवणाचं विचारलं. १९९९ मध्ये लंडनमध्ये तयार झालेले, खाण्याच्या विकाराची शंका तपासणारे 'स्कॉफ'चे पाच प्रश्न. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? तीन महिन्यांत एक स्टोन, म्हणजे सहा किलोंच्या वर, वजन उतरलं का? दोन 'हो' आले की पुढची चौकशी. माझं एकही आलं नाही.

मला पटतं ते हे दोन्ही कागद एकत्र पुढे करणं. नुसता पहिला कागद मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या कुणालाही अडकवेल. पळण्यासाठी पळणारा वेगळा आणि खाल्लेल्या प्रत्येक भाकरीचं देणं फेडायला पळणारा वेगळा. आमच्या गावच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये नऊ अभ्यासांतली २,१४० माणसं एकत्र तपासली. खाण्याच्या विकाराची लक्षणं असलेल्यांमध्ये व्यायामाचं व्यसन इतरांच्या ३.७ पट आढळलं.

पुण्यात वाद चालतो तो दीक्षित की दिवेकर, दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी. आमच्या घरच्या ग्रुपवर तो अजून मिटलेला नाही. मधुमेह घरोघरी असताना लोक पाऊण तास चालतात हे चांगलंच. पण किती झालं म्हणजे पुरे, हे त्या वादात कुणी विचारत नाही. शिवाय आपल्याकडे न जेवायला कारण शोधावं लागत नाही: कधी चतुर्थी, कधी एकादशी, मधल्या दिवसांत जिममधलं फास्टिंग.

तरी इंग्रजी कागद जसाच्या तसा आणू नये. 'अन्नाचं तुमच्या आयुष्यावर राज्य आहे का?' हा 'स्कॉफ'चा शेवटचा प्रश्न. सकाळच्या चहालाच संध्याकाळच्या भाजीचा विषय निघणाऱ्या घरात याला 'नाही' कोण म्हणेल? केवळ अशा प्रश्नावलीवर निदान करू नका, असं उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आणि तिथे कागद लागतो, कारण तिथे आत्या नसते. मी कित्येक वर्षं टेबलावर सँडविच ठेवून एकटा जेवलो; मी जेवलो नसतो तरी कुणाला कळलं नसतं.

पुण्यात आत्या आहे, पण तिचं ऐकून पुढे दोन नीट प्रश्न विचारणारं कुणी नाही. जिमच्या ट्रेनरने, पळणाऱ्यांच्या ग्रुपने, फॅमिली डॉक्टरने ते विचारावेत, आणि मुलग्यांना आवर्जून, कारण त्यांच्याबाबत कुणाला शंकाच येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याला गच्चीवर विचारलं, "उद्या गड चुकला तर काय होईल?"

"काही नाही मामा. उद्या जेवायचं नाही, एवढंच."

विमानतळावरून ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पण त्याचे रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत."