डिझरायली, लेझीम आणि दुष्काळ

‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजीमहाराज लेझीम खेळताना दिसले, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. तो प्रसंग काढून टाकला, सिनेमा येऊन गेला, तरी वाद विझत नाही. काकांचं एकच म्हणणं, इतिहासात नाही ते दाखवायचं नाही. मी इकडे इंग्लंडमध्ये, हाय विकमला बसून चिडतो.

आमच्या गावाला लागूनच ह्यूएन्डन, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरायली याचं घर. त्याच्यावर लुई पार्करने 1911 मध्ये नाटक लिहिलं, जॉर्ज अर्लिसने ते अमेरिकेत गाजवलं आणि 1921 मध्ये त्यावर मूकपट निघाला. अख्खं नाटक बोलण्यावर चालणारं; पडद्यावर मात्र अर्लिसच्या हाताशी चेहरा आणि संवादांच्या लिखित पाट्या एवढंच. गोष्ट डिझरायलीने 1875 मध्ये ब्रिटनसाठी केलेल्या सुएझ कालव्याच्या शेअरखरेदीची. खरे पैसे, सुमारे 40 लाख पौंड, रॉथशिल्ड या सावकार घराण्याने दिले. नाटकात मायर्स नावाचा काल्पनिक सावकार आहे, रशियासाठी हेरगिरी करणारी बाई आहे. डिझरायलीची पत्नी मेरी ॲन 1872 मध्येच वारली, पण नाटकात ती हयात आहे. मूकपटात तिचं काम अर्लिसच्या पत्नीनेच केलं. यावरून इथे कुणी दगड उचलल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि हे मी काकांना पुन्हा पुन्हा ऐकवतो.

“तुला काय, तू तिकडे,” ते म्हणतात. ते लागतं.

कारण मला खुपतं ते वेगळंच. या नाटकातल्या विजयाचं टोक म्हणजे व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी होणं. 1 जानेवारी 1877 ला दिल्ली दरबारात तिच्या नावाची द्वाही फिरली, तेव्हा दख्खनेत दुष्काळ होता. सोलापूर-नगरकडची माणसं दुष्काळी कामांवर राबत होती. सरकारने दुष्काळाच्या कामासाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने त्यांची मजुरी दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशोबावर आणली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. 1911 मध्ये पार्करला हे सगळं उपलब्ध होतं. त्याने सम्राज्ञी घेतली, दुष्काळ सोडला. पदरचं घातलेलं काका बरोबर पकडतात. गाळलेलं कोण पकडणार?

जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं कार्ड दाखवून मी ह्यूएन्डनमध्ये अनेकदा जातो, आणि माझ्या मनात करमाळा असतं, सोलापूरकडचं आजीचं गाव. शेजाऱ्यांना तिथे आपला पंतप्रधान दिसतो. मला तसा दिसत नाही, इतक्या वर्षांनंतरही. आणि काकांशी बोलताना मी याच लोकांची बाजू घेऊन भांडतो. तो दुष्काळ कुणापुढे मांडू? इकडे तो परक्यांचा, आणि तिकडे लेझीमच्या वादात त्याला जागा नाही.