‘तिथे लुटायला काही नव्हतंच’ म्हणणाऱ्यांनी आधी बानाबाचा इतिहास वाचावा

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. वर १९५६ सालच्या ‘पॅसिफिक डेस्टिनी’ या ब्रिटिश सिनेमाचं पोस्टर आणि खाली मजकूर असा की, बघा, सिनेमा खऱ्या गोष्टीवर आहे, पॅसिफिक महासागरातल्या गिल्बर्ट बेटांवर (आजच्या किरिबाती देशात) ना सोनं ना मसाले, तरी इंग्रज अधिकारी बायकोला घेऊन तिथे गेला, लोकांची भाषा शिकला, इंग्लंडने पदरचा पैसा घालून कारभार केला, कुणाची जमीन बळजबरीने घेतली नाही, लोक दुसरीकडे सुखाने स्थायिक झाले, पुढे कोर्टानेसुद्धा इंग्रजांना क्लीन चिट दिली, म्हणून साम्राज्य म्हणजे लूट हे सगळीकडे लागू होत नाही. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत म्हणून लिहायला बसलो, आणि एकेक मुद्दा घेऊनच लिहितो कारण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे.

‘सिनेमा खऱ्या गोष्टीवर आहे.’ हो, आहे. दिग्दर्शक वुल्फ रिला, नायक डेनहोम एलियट, आणि ज्याच्या आठवणींवर तो बेतलाय तो आर्थर ग्रिंबल हा खराखुरा माणूस, १९१४ साली अगदी कोवळ्या वयात शिकाऊ अधिकारी म्हणून त्या बेटांवर पोचलेला. तो गिल्बर्टी भाषा खरंच शिकला, तिथल्या कथा, मंत्र, वंशावळी त्याने जमवल्या आणि ते काम मोलाचं आहे, ते मी नाकारत नाही. पण सिनेमाचं शूटिंग झालं सामोआत, म्हणजे पडद्यावर दिसतो तो किनारासुद्धा गिल्बर्टचा नाही. आणि सिनेमा दाखवतो ती त्याच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं. पुढे १९२६ ते १९३३ हाच माणूस त्या वसाहतीचा रेसिडेंट कमिशनर होता, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा साहेब, आणि पोस्टवाल्याला उत्तर द्यायला तीच वर्षं लागतात.

‘तिथे लुटायला काही नव्हतं.’ हा तर सगळ्यात चुकीचा मुद्दा. गिल्बर्ट बेटांच्या पश्चिमेला साधारण ४०० किलोमीटरवर बानाबा नावाचं बेट आहे, इंग्रज त्याला ओशन आयलंड म्हणायचे. जेमतेम ६ चौरस किलोमीटर. सिडनीत एका कंपनीच्या ऑफिसात नाउरू बेटावरून आणलेला एक दगड दार अडवायला ठेवलेला होता, तो अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याने तपासला तर निघाला उच्च प्रतीचा फॉस्फेट. बानाबाचा खडक पण तसाच असणार असं ताडून १९००च्या मे महिन्यात एलिस थेट बानाबावर उतरला, आणि अख्खं बेट फॉस्फेटचं निघालं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कसहीन जमिनींना नेमकं तेच खत हवं होतं. एलिसने लगेच तिथल्या काही मंडळींकडून करारावर खुणा करून घेतल्या: ९९९ वर्षं खाणकामाचा हक्क, बदल्यात वर्षाला ५० पौंड किंवा तेवढ्या किमतीचा माल. ज्याला ‘राजा’ ठरवून सही घेतली तो राजा नव्हताच, बानाबावर राजा ही पद्धतच नव्हती, प्रत्येक कुटुंबाची जमीन वेगळी आणि ती दुसऱ्याने विकायचा प्रश्नच नव्हता. ब्रिटिश झेंडा चढला १९०१ साली, म्हणजे फॉस्फेट सापडल्यावर, आधी नाही. हा क्रम नीट बघा.

अजून एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वसाहतीचं मुख्यालय आधी तरावा बेटावर होतं, गिल्बर्ट बेटांच्या मधोमध, जे कारभाराला सोयीचं. १९०८ साली ते उचलून कुठे नेलं तर बानाबावर, जिथून बाकीची बेटं शेकडो किलोमीटर लांब पण खाण दाराशी. लोकांची सेवा हाच हेतू असता तर मुख्यालय लोकांपासून लांब आणि खाणीच्या शेजारी कशाला न्यायचं? ग्रिंबलची पहिली नेमणूकसुद्धा याच बेटावरची, सिनेमातल्या नारळीच्या बनातली नाही.

आणि कंपनी वेगळी, सरकार वेगळं असंही कुणी सांगू नये. बानाबाची खाण चालवणाऱ्या कंपनीचा चेअरमन होता लॉर्ड स्टॅनमोर, म्हणजे पूर्वीचा सर आर्थर गॉर्डन, फिजीचा गव्हर्नर. याच्याच राजवटीत १८७९ साली ‘लिओनिडास’ जहाजातून भारतातले पहिले गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांसाठी उतरवले गेले. त्याच माणसाचं नाव बानाबाच्या कंपनीवर दिसतं तेव्हा वसाहतीची नोकरी आणि कंपनीचा नफा यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘इंग्लंडने पदरचा पैसा घातला.’ उलटं आहे. १९२० साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी मिळून कंपनीचा नाउरू आणि बानाबातला धंदा ३५ लाख पौंडांना विकत घेतला आणि ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाचं मंडळ केलं. हे मंडळ फॉस्फेट बाजारभावाने विकत नव्हतं, खर्च निघेल एवढ्याच भावाने आपापल्या देशांच्या शेतकऱ्यांना देत होतं. म्हणजे नफा कागदावर दिसायचाच नाही, तो तिकडच्या गव्हाच्या शेतांत आणि मेंढ्यांच्या कुरणांत जिरायचा, आणि बानाबाच्या माणसाला मात्र १९१३च्या करारातली टनामागे सहा पेन्स रॉयल्टी, तीसुद्धा हातात नाही, सरकारच्या ताब्यातल्या फंडात. वर फॉस्फेटवर जो कर बसायचा त्यातून अख्ख्या गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या वसाहतीच्या कारभाराचा मोठा हिस्सा चालायचा. साहेबांचे पगार, बोटी, दवाखाने यांचा मोठा भार एका चिमुकल्या बेटाची जमीन खरवडून निघत होता, इंग्लंडच्या करदात्याच्या खिशातून नाही.

‘कुणाची जमीन बळजबरीने घेतली नाही.’ इथे थोडं थांबतो, कारण सिनेमाचा नायक इथेच येतो. १९२७-२८ मध्ये फॉस्फेट कमिशनर्सना आणखी १५० एकर हवे होते. एव्हाना बानाबाच्या लोकांना आपल्या मातीची किंमत कळलेली होती, त्यांनी जास्त दर मागितला आणि सरळ नकार दिला. तेव्हा ऑगस्ट १९२८ मध्ये ग्रिंबलने बुआकोनिकाई गावाच्या लोकांना पत्र लिहिलं. त्यात तो स्वतःला त्यांचा जुना मित्र आणि खरोखरचा बाप म्हणवतो, जमिनीच्या करारावर सही केली तर साम्राज्याच्या मोठ्या साहेबाचा अपमान केल्याबद्दल शिक्षा होणार नाही असं सांगतो, नाही केली तर जमीन तशीही सक्तीने घेतली जाईल हे बजावतो, गाव त्या हद्दीत आलं तर गावाचं काय होईल याचीही भीती घालतो, आणि शेवटी म्हणतो की आता जीवन निवडायचं की मरण हे तुम्हीच ठरवा. लोकांनी तरीही सही केली नाही, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वाटतं. त्याच वर्षी सक्तीने जमीन घेता येईल असा कायदा झाला आणि जमीन गेलीच. हे पत्र अफवा नाही, पुढे लंडनच्या कोर्टासमोर ते पुराव्यात वाचलं गेलं.

जमीन गेली म्हणजे काय गेलं तेही बघा. बानाबावर नदी नाही, ओढा नाही, दुष्काळ वारंवार. तिथल्या बायका जमिनीखालच्या गुहांमध्ये वाकून, सरपटत उतरून नारळाच्या करवंट्यांत पाणी भरून आणायच्या, बांगाबांगा म्हणतात त्या गुहांना, आणि तिथे जायचा मान फक्त बायकांचा. खाणकामात यातल्या कित्येक गुहा नासल्या. माती गेली की खाली उरतात ते उंच टोकदार खडकांचे सुळके, त्यावर नारळ काय, गवत लागायची मारामार.

‘मग लोक दुसरीकडे सुखाने स्थायिक झाले.’ युद्धात १९४२ साली जपानने बेट घेतलं, बानाबाच्या लोकांना इतर बेटांवर पांगवलं, फार हाल केले, त्याबद्दल दुमत नाही. आणि न्यायाने हेही सांगायला हवं की सिरिल कार्टराइट हा ब्रिटिश अधिकारी तेव्हा बेटावर मागे थांबला आणि तिथेच मेला. पण युद्ध संपल्यावर? डिसेंबर १९४५ मध्ये या लोकांना घरी न नेता फिजीमधल्या राबी बेटावर उतरवलं, ऐन वादळांच्या मोसमात, तंबूंमध्ये. ते राबी बेट विकत घेतलं होतं बानाबाच्याच लोकांच्या फंडातून. मूळ बेट रिकामं झालं आणि खाण जोरात चालू राहिली, थेट १९७९ पर्यंत, एकूण २ कोटी टनांहून जास्त फॉस्फेट गेला.

‘कोर्टाने क्लीन चिट दिली.’ नाही दिली. बानाबाचा पुढारी रोतान टिटो आणि त्याच्या माणसांनी लंडनमध्ये सरकारविरुद्ध केस लढवली, २००हून जास्त दिवस सुनावणी चालली, न्यायमूर्ती मेगरी स्वतः बानाबाला जाऊन सुळके बघून आले. त्यांनी म्हटलं ते एवढंच की सरकारची जबाबदारी कायद्याने अंमलात आणता येईल अशा विश्वस्ताची नव्हती, म्हणून कोर्ट भरपाई देऊ शकत नाही. पण सरकारच्या वागण्यावर त्यांनी कडक ताशेरे मारले आणि अ‍ॅटर्नी जनरलचं लक्ष मुद्दाम त्याकडे वेधलं. झाडं परत लावायचं जे वचन १९१३ साली दिलं होतं ते कमिशनर्सनी मोडलं हेही मान्य झालं. त्यानंतर तिन्ही सरकारांनी मिळून १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले, कायदेशीर देणं म्हणून नाही, कृपा म्हणून, आणि बानाबाच्या लोकांनी ते बरीच वर्षं घेतले नाहीत, १९८१ साली घेतले. ज्यांना क्लीन चिट मिळते ते असे पैसे देत नाहीत.

सिनेमा बघा, जरूर बघा, डेनहोम एलियट चांगला नट होता. पण तो बघून कुणी ‘निःस्वार्थ सेवा’ म्हणत असेल तर त्याला १९२८चं पत्र वाचायला द्या. बानाबाच्या वंशजांपैकी बहुतेक अजून राबीवरच राहतात, पासपोर्ट फिजीचा, आणि किरिबातीच्या संसदेत राबीचा एक प्रतिनिधी बसतो कारण बानाबावरचा हक्क त्यांनी अजून सोडलेला नाही.