वर्षाचं बिल कोण भरणार ते आधी सांगा

घरात चार डिस्कचा साधा स्टोरेज सर्व्हर, म्हणजे फायली साठवून कायम चालू राहणारं मशीन, हवाय. आजोबांनी जपलेली सीमालढ्याची कात्रणं स्कॅन करून ठेवायचीत, लग्नांच्या जुन्या कॅसेटी उतरवून ठेवायच्यात, बास. पण बेळगावात कुणालाही विचारा, दोनच उत्तरं. "जुना सर्व्हर घे की, फुकटात पडतो" नाहीतर "जुन्याच्या नादाला लागू नको, मिनी पीसी घे." दोघंही अर्धंच सांगतात, डोकं फिरतं ते त्यानं!

म्हणे फुकटात! कंपन्यांनी काढून टाकलेले ते इंटेलच्या झिऑन ई5-2670 प्रोसेसरवाले सर्व्हर, 2012 सालचे. दोन प्रोसेसर, एकेक 115 वॅटचा. नुसतं चालू ठेवलं तरी शंभर वॅट सहज खातं. शंभर वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला 2.4 युनिट, वर्षाला 876. हेस्कॉमचं वीजबिल सल्ला देणारा भरणार आहे का? वर पंख्यांची घरघर. ते मशीन डेटा सेंटरसाठी केलेलं, शहापूरच्या गल्लीतल्या दोन खोल्यांसाठी नव्हे. पावसाळ्यात लाईट गेली की घरगुती यूपीएसवर असलं धूड किती मिनिटं टिकणार?

बरं, नवं घ्या. मिनी पीसीतला इंटेलचा एन100, 2023 चा, सहा वॅटची चिप. वीज वाचते, मान्य. पण पीसीआयई लेन (जादा कार्डं, डिस्क जोडायच्या वाटा) नऊच, रॅमला एकच चॅनल, आणि त्या डबीत साडेतीन इंची डिस्क ठेवायची कुठं? तर म्हणे यूएसबीनं जोडा. अहो, वायर जरा हलली की डिस्क गायब आणि झेडएफएसचा (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या फाइल सिस्टीमचा) पूल, म्हणजे डिस्कचा गट, लंगडा! ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी, विचारली तर "घरात कशाला लागते?" लागते! रॅममध्ये बिट उलटला तर चुकीचाच डेटा चेकसमसकट (डेटा पडताळायच्या आकड्यासकट) डिस्कवर जातो, पुढं कुणाला पत्ता लागत नाही.

आणि डिस्क! दुकानात "नवीच आहे सर" म्हणून कोरं स्टिकर लावलेली डिस्क हातात दिली. तिथंच लॅपटॉपला जोडून स्मार्टची माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढली, तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिलेले तास, चाळीस हजारांच्या वर. साडेचार वर्षं अखंड फिरलेली डिस्क नवी म्हणून विकतायत! वर ऐकवतात, "बंद पडली तर आणा की, बदलून देतो." डिस्क बदलून द्याल, आतली कात्रणं कुठनं आणून देणार?

डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे वेगवेगळे लिहिणारी) की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून पुन्हा लिहायला संथ) विचारलं तर तोंडाकडं बघत राहतात. वेस्टर्न डिजिटलच्या नाससाठीच्या (नेटवर्कवरून वापरायच्या स्टोरेजसाठीच्या) 'रेड' (Red) मालिकेत एसएमआर डिस्क न सांगता घातल्याचं 2020 साली उघड झालं, बोंबाबोंब झाल्यावर यादी बाहेर आली. एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातली (RAID) एखादी बंद पडल्यावर नवीवर डेटा भरताना असली डिस्क तासन्‌तास रखडते, मधेच बाहेरही फेकली जाते. हे ग्राहकानं स्वतः शोधायचं?

मधली वाट कुणीच सांगत नाही, याचा राग जास्त. 2015-16 चे इंटेल आय5-6500 वाले ऑफिसचे टॉवर पीसी. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 11 त्यांना अधिकृतपणे चालत नाही, म्हणून ऑफिसं ते काढतायत. लिनक्सला काही फरक पडत नाही. ईसीसी त्यातही नाही, पण डिस्क थेट जोडायचे सॅटा पोर्ट आहेत, साडेतीन इंची डिस्कला जागा आहे, आणि नुसतं चालू असताना जुन्या सर्व्हरच्या पाव हिश्श्यानंही वीज लागत नाही. मी तोच घेणार. डिस्क मात्र नव्या, सीएमआरच, आणि तास दाखवल्याशिवाय एक रुपया देणार नाही.