तिवराच्या पानावरचे मीठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

शाळेतील मुलांनी चित्रे आणि कवितांच्या वाटेने पर्यावरणाकडे यावे, असे मी मागील लेखात मांडले होते. त्यावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या शिक्षकाचा आक्षेप मला वरवर उत्तर देऊन सोडता येणार नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : चित्राने किंवा कवितेने एकही झाड वाचत नाही, अशा उपक्रमांत मुले घोषणा रंगवतात आणि चार्टपेपर वाया घालवतात, तेवढ्या तासांत पाण्याचा खारेपणा मोजायला शिकवले असते तर काही ज्ञान तरी पदरात पडले असते, आणि मोठ्यांनी केलेल्या नासधुशीचे ओझे मुलांच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

घोषणांबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. 5 जूनच्या निमित्ताने होणाऱ्या चित्रकला स्पर्धांची मी अनेक वर्षे परीक्षक होते. अर्धी हिरवी आणि अर्धी भेगाळलेली पृथ्वी, तिच्या डोळ्यांतून ओघळणारे अश्रू, दोन तळहातांवर धरलेले रोपटे, हीच चित्रे दरवर्षी मोबाइलवरून उतरवून येत आणि त्यांतल्या नीटनेटक्या चित्राला आम्ही पहिला क्रमांक देत असू. त्या मुलांनी स्वतःच्या दारातला शेवगाही पाहून काढलेला नसे. ही चूक आम्हा शिक्षकांची होती आणि ती मनाला लागली म्हणूनच मी पद्धत बदलली. त्या बदलाचे तपशील मागील लेखात यायला हवे होते. ते आले नाहीत, म्हणून आपल्याला हा उपक्रम त्या स्पर्धांचीच पुढची आवृत्ती वाटला असावा.

आमची शाळा कोकणात खाडीकाठी आहे. सहावी-सातवीच्या मुलांना मी ओहोटीच्या वेळी खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या, बांधावर नेऊन बसवते आणि समोरच्या खारफुटीतले, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांतले, एकच झाड चाळीस मिनिटे पाहून काढायला सांगते. कागद म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद वापरतो, त्यामुळे चार्टपेपर लागत नाही. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे चित्रकलेचा तास वेळापत्रकात पक्का बसेना. तेव्हा एका मुलाने आजोबांना विचारून येऊन सांगितले की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. मुलांनी तो हिशेब महिनाभर पडताळून पाहिला. हे गणित मी शिकवलेले नव्हते. चित्रासाठी त्याची गरज पडली, म्हणून ते घरातून शाळेत आले.

पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांनी सरळ तपकिरी खोड आणि वर हिरवा गोळा काढला. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत चित्रे बदलली होती. कांदळाला कमानीसारखी टेकू देणारी मुळे आली, तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी राहिलेली मुळे आली, आणि चिप्पीची मुळे त्याहून जाड असून टोकाला निमुळती होतात, हा फरक एका मुलाने कोणी न सांगता काढून दाखवला. त्याला नावे ठाऊक नव्हती, डोळ्यांना मात्र फरक दिसला होता. “मुळं वर कशाला येतात?” हा प्रश्न मग त्यानेच विज्ञानाच्या सरांना विचारला. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या त्या घट्ट चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ही मुळे वर येऊन आपल्या छिद्रांतून हवा घेतात, हे सरांनी समजावले तेव्हा वर्गात कोणीही पाठ करत बसले नव्हते. सर, आपण विज्ञान आणि चित्रकला यांतून एकाची निवड करायला सांगता, आणि माझा अनुभव असा आहे की चांगला प्रश्न बहुधा बराच वेळ पाहिल्यानंतर सुचतो. एवढा वेळ बारा वर्षांच्या मुलाला एका जागी पाहत बसवण्याचे चित्राइतके चांगले साधन मला तरी सापडलेले नाही.

कवितेसाठी मी एकच अट घातली होती : निसर्ग, वसुंधरा, हिरवागार आणि पर्यावरण हे चार शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या तासाला निम्म्या वह्या कोऱ्या राहिल्या. नंतर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) आल्या, चिंबोऱ्या आल्या, कालवे फोडणाऱ्या आईच्या बोटांवरच्या चिरा आल्या. पाठ्यपुस्तकातला ‘खारफुटी’ हा शब्द जाऊन घरातली तिवर, कांदळ, चिप्पी ही नावे वहीत उतरली. एका मुलीने तिवराचे पान उलटसुलट करून पाहिले, त्यावरचे पांढुरके कण जिभेला लावले आणि लिहिले :

तिवराला पण घाम येतो
बाबांच्या पाठीसारखा
चाटला तर खारट.

तिचे वडील होडीवर जातात. तिवर मुळांतून आलेले जास्तीचे मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकते, ही गोष्ट तिला तोवर कोणी सांगितलेली नव्हती. या तीन ओळींनी झाड वाचले का, असे आपण विचाराल. नाही वाचले. पण त्या मुलीसाठी तिवर आता सरपणाच्या काटक्यांपलीकडचे काही झाले आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

ओझ्याविषयी आपण लिहिलेले वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मुलांच्या हाती फलक देऊन त्यांना रस्त्यावर उभे करणे मलाही पटत नाही. कांदळवनांची, म्हणजे खारफुटीच्या जंगलांची, तोड थांबवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिला, 2018 च्या निकालात त्यांचे संरक्षण पुन्हा ठामपणे सांगितले, भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. इतके सगळे असूनही खाडीत भराव पडत असेल, तर त्याचा जाब देणे सर्वस्वी मोठ्यांचे काम आहे. मुले एकाच दगडावर बसून तीच जागा जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत काढतात आणि खाली तारीख घालतात. गेल्या वर्षीच्या तीन चित्रांत भरावाची कड पुढे सरकलेली स्पष्ट दिसते. मी त्यांना त्यावर काही लिहायला सांगितले नाही. ती चित्रे ग्रामसभेत मी स्वतः घेऊन गेले, मुलांना नेले नाही.

खारेपणा मोजण्याची आपली सूचना मला मनापासून आवडली. पावसाळ्यात गोडे पाणी उतरल्यावर खाडीची चव बदलते, हे मुलांना माहीत आहे. पण किती बदलते हे त्यांनी कधी मोजलेले नाही. यंदा जूनपासून प्रत्येक चित्राच्या मागे त्या दिवशीचा आकडा लिहायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी शाळेला परवडेल असे कोणते साधन घ्यावे आणि पाण्याचा नमुना भरतीला घ्यावा की ओहोटीला, हे आपण कृपया कळवावे. आपल्याला येणे जमणार असेल तर एखादी अष्टमी सांगा. दुपारी बाराला आम्ही बांधावर असू.